थांबा, मी लिहितेय

भर बाजारात समिधाचा आवाज गेला.

घसा बसला नव्हता. घशातून तिचा शब्द आजवर कधी उमटलाच नव्हता. जन्मताना मेंदूला प्राणवायू कमी पडला. हातपाय आणि जीभ ऐकेनाशी झाली, डोकं मात्र तल्लख राहिलं. तिचा आवाज म्हणजे विजेवर चालणाऱ्या खुर्चीच्या दांड्यावर बसवलेला टॅब. उजव्या तर्जनीच्या पेरानं ती एकेक अक्षर दाबायची, मग ‘बोल’ दाबायची, आणि आतली बाई ते वाक्य मोठ्यानं म्हणायची. त्या दिवशी बडा फुहाऱ्याच्या बाजारात, ओढणीचा रंग पक्का आहे का असं विचारता विचारता ती बाई खरखरली... आणि गप्प झाली.

दुकानदारानं लगेच समिधाच्या डोक्यावरून शकुकडे पाहिलं. “इनको कौन सा रंग चाहिए?”

शकु म्हणजे समिधाकडे सकाळ-संध्याकाळ येणारी मदतनीस. आंघोळ, वेणी, कुकर आणि जगाशी भांडण, ही तिची कामं. ती फटकन म्हणाली, “मुझसे काहे पूछते हो भैया? दुपट्टा इनको लेना है, इनसे पूछो!”

पण आता विचारून उत्तर येणार नव्हतं. समिधानं ओठ घट्ट मिटले. बोलता येत नाही त्याला कळतही नाही, असं मानणारी माणसं तिला रोज भेटत. बरं, ती दुष्ट नसतात. दुष्टाला उत्तर देता येतं. ही गोड असतात, मान वाकडी करून हसतात, गालाला हात लावतात. एकतीस वर्षांच्या बाईच्या गालाला! टॅब चालू असला की समिधा अशांना दोन शब्दांत जागेवर आणायची. आज हातात काहीच नव्हतं.

मागच्या गल्लीत मोबाइल दुरुस्तीचं दुकान होतं. दुकानाला दोन पायऱ्या. खुर्ची वर चढेना. आतला माणूस फोनवर बोलत होता, “हो गं आई, येऊन राहिलो ना, गिऱ्हाईक आहे...” त्यानं खुर्ची पाहिली, फोन खिशात टाकला, खाली आला आणि सरळ पायरीवर बसला. त्याचे डोळे समिधाच्या डोळ्यांसमोर आले.

“हाँ जी मॅडम, क्या हुआ इसको?”

शकुला नाही, तिला विचारलं त्यानं. समिधानं टॅबकडे पाहिलं.

“अच्छा... ये नहीं बोल रहा, तो आप भी नहीं बोल सकतीं. ठीक. मैं पूछता हूँ. हाँ में आँखें ऊपर, ना में नीचे. चलेगा?”

तिनं डोळे वर केले.

पडला का? खाली. पाणी गेलं? खाली. मग चहा? ...वर. “अदरकवाली?” असं त्यानं इतक्या गंभीरपणे विचारलं की समिधाला हसू फुटलं. तिचं हसू मोठं, आवाजी, सगळं अंग हलवणारं. लोक दचकतात. हा दचकला नाही. त्यालाही हसू आलं.

अर्ध्या तासानं नवा स्पीकर बसला. “आता बघू. कुछ बोलिए मॅडम, टेस्ट करना है.”

समिधा लिहू लागली. पेर अक्षरावर नेमकं पडावं म्हणून टॅबवर भोकांची प्लास्टिकची पाटी होती. तरी एका ओळीला तिला दोन-तीन मिनिटं लागत. मागे तीन गिऱ्हाइकं खोळंबली. एकजण कुरकुरला, “अरे विपुल भाई, बाद में करवा लेना इनका.”

“रुको ना भैया. दीदी लिख रही... मॅडम लिख रही हैं.”

दीदीचं मॅडम झालं, ते समिधानं ऐकलं. पेर एक क्षण भोकावरच थांबलं. मग तिनं ‘बोल’ दाबलं. बाई खणखणीत मराठीत म्हणाली, “तुमचा शर्ट उलटा आहे.”

गल्ली हसली. विपुलनं कॉलरची शिवण चाचपली, कानापर्यंत लाल झाला आणि म्हणाला, “अरे! आपण मराठी? मग आधी काहून नाही सांगितलं?”

पेर पुन्हा चाललं. तो पुन्हा थांबला.

“आवाज नव्हता.”

*

स्पीकर नीट चालतोय ना, हे बघायला विपुल आठवड्यानं घरी आला. त्यानंतरच्या आठवड्यात दांड्याचा स्क्रू बघायला. मग चार्जर बघायला. चौथ्यांदा आला तेव्हा शकु दारातच म्हणाली, “भैया, आता काय बिघडलं म्हणता? टॅब ठणठणीत हाये. तुमीच बिघडून राहिले.”

नेपियर टाउनमधल्या तळमजल्यावरच्या दोन खोल्या समिधानं भाड्यानं घेतल्या होत्या. आईवडील, विष्णुपंत आणि शरयूताई, भावाकडे पुण्याला गेले तेव्हा तिलाही न्यायचं ठरलं होतं. ठरलं म्हणजे तिला न विचारता ठरलं, नेहमीसारखं. तेव्हा तिनं अख्खी संध्याकाळ खपून लिहिलं होतं: “मी येणार नाही. मी ऑनलाइन शिकवणीत गणिताच्या उत्तरपत्रिका तपासते, माझं मी भागवते. मी पडले तर शकुला फोन करीन. तुम्ही पडलात तर कोणाला कराल ते ठरवा.” विष्णुपंत दोन दिवस बोलले नाहीत. तिसऱ्या दिवशी त्यांनी स्वतः उभं राहून उंबरठा काढवून घेतला.

हे घर तिनं असं मिळवलं होतं. कुणी ओवाळणीत घातलं नव्हतं.

विपुल बडबड्या. ती एक ओळ लिही तोवर तो नागपूरची मामी, काटोलची संत्री आणि पाटणच्या रस्त्यातले खड्डे सांगून मोकळा व्हायचा. पण एक गोष्ट होती. तिचं वाक्य त्यानं कधी पुरं केलं नाही. स्क्रीनवर डोकावला नाही. “थांबा, मी लिहितेय” हे तिचं तयार बटण पाटीच्या डाव्या खालच्या कोपऱ्यात कायमचं बसवलेलं होतं. न बघताही तिचं पेर तिथं जायचं. विपुलसमोर ते तिला दाबावं लागेना.

मार्गशीर्षात एकदा ते ग्वारीघाटावर गेले. नर्मदा शांत होती, दिवे सोडणाऱ्यांची गर्दी होती. एक बाई आली, समिधाच्या मांडीवर पाच रुपयांचं नाणं टाकून, कपाळाला हात लावून पुढे निघाली. विपुल ताडकन उठला. समिधानं डोळ्यांनीच त्याला बसवलं, आवाज पूर्ण वाढवला आणि लिहिलं.

“दीदी! आपका पैसा गिर गया!”

सगळा घाट वळून बघू लागला. बाई परत आली, नाणं उचललं आणि पदर सावरत पळाली. विपुल हसून हसून पायरीवर लोळायचा राहिला.

“तू डेंजर आहेस.”

“अजून बघितलंय काय तू!”

‘तुम्ही’चं ‘तू’ कधी झालं, दोघांनाही सांगता आलं नसतं.

“पहिलं वाक्य कोणतं बोललीस गं? टॅब आला तेव्हा?”

ती लिहीत राहिली. दिवे लांब गेले.

“एकोणीस वर्षांची होते. आईला म्हटलं, मला साय आवडत नाही. ती मला रोज साय भरवायची. जन्मापासून.”

“मग?”

“खूप रडली. दुसऱ्या दिवसापासून साय बाबांना.”

तो हसला. तिच्या थरथरणाऱ्या हातावर त्यानं हात ठेवला. दाबून धरला नाही, नुसता ठेवला. हात हलत होता तसा त्याचाही हलत राहिला.

आणि अचानक थेंब आले. हिवाळ्यातला तो कवडीमोल पाऊस, ना धड कोसळणारा ना सोडणारा. विपुलनं अंगातलं जॅकेट काढलं... आणि टॅबवर घातलं. समिधाच्या डोक्यावरून पाणी निथळत होतं, तो स्वतः कुडकुडत होता आणि टॅब ऊबदार. एका हातानं खुर्ची सांभाळत, दुसऱ्यानं जॅकेट दाबत तो म्हणाला, “डोकं पुसता येतं. हे पुसून नाही चालत.”

समिधाला त्या क्षणी जे म्हणायचं होतं, त्याला अक्षरं लागत नव्हती. तिनं नुसते डोळे वर केले. हो.

*

संक्रांतीला विपुलच्या आईनं, बेबीताईंनी, तिला तिळगुळाला बोलावलं. गढा मोहल्ल्यातलं घर, हळदीकुंकवाच्या बायका, आणि मधोमध बेबीताई. त्या घरात जो आधी बोलतो त्याचं खरं होतं, हे विपुलला लहानपणापासून ठाऊक होतं.

आदल्या दिवशी टॅब जरा अडकत होता. “दे, उद्यापर्यंत अपडेट मारून देतो,” विपुल म्हणाला. समिधानं क्षणभर विचार केला आणि दिला. आयुष्यात पहिल्यांदा तिनं आपला आवाज दुसऱ्याच्या घरी रात्रभर ठेवला. तो त्यानं थेट दुसऱ्या दिवशी बेबीताईंच्या फाटकातच दांड्यावर चढवला. “चल, चल, सगळ्या वाट बघून राहिल्या.”

आत बेबीताईंनी तिच्या कपाळाला कुंकू लावलं, हातात वाण दिलं. बाई वाईट नव्हती. समोर खुर्ची ओढून बसली आणि थेट विषयाला आली. “हे बघ बेटा, विपुलनं सगळं सांगितलं मला. मी काही जुन्या वळणाची नाही. लग्न होऊ द्या. पण ते भाड्याच्या खोलीत एकटीनं राहणं पुरे आता. खालची खोली रिकामीच आहे. इथंच येऊन राहशील ना?”

सगळ्या बायका समिधाकडे वळल्या. समिधाचं उत्तर मोठं होतं, सभ्य होतं, आणि ‘नाही’ होतं. त्याला पाच मिनिटं लागणार होती. सवयीनं, न बघता, तिचं पेर डाव्या खालच्या कोपऱ्यात गेलं.

टॅबमधली बाई म्हणाली, “आई, मला तुमची मुलगी होऊन याच घरात राहायचं आहे.”

हे वाक्य तिचं नव्हतं. तिनं घाईनं तेच बटण पुन्हा दाबलं. आणि बाई पुन्हा म्हणाली, “आई, मला तुमची मुलगी होऊन याच घरात राहायचं आहे.”

“अगं बाई!” बेबीताईंच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी. “आई म्हणाली गं मला!” बायकांनी डोळे टिपले. कुणी तिच्या तोंडात तिळगूळ कोंबला. कुणी म्हणालं, किती गोड बोलते नाही! समिधा जिवाच्या आकांतानं ओरडली. तिचा स्वतःचा, शब्द नसलेला आवाज. त्यांना वाटलं, पोरगी आनंदानं ओरडतेय.

तिनं खाली पाहिलं. पाटीची खालची ओळ अख्खी नवी होती. ‘तिळगूळ फारच छान झालाय.’ ‘मला सगळा स्वयंपाक शिकायचाय.’ ‘विपुलनं तुमच्याबद्दल खूप सांगितलंय.’ तिची स्वतःची बटणं एक ओळ वर ढकलली होती. म्हणजे कुणी तिच्या तोंडात हात घालून जीभ काढली होती आणि आपली बसवली होती. वर तिळगूळ.

दारात विपुल उभा होता. त्याचा चेहरा पांढरा पडला होता. त्याला कळलं होतं. तरी तो काही बोलला नाही. सगळ्या आनंदात होत्या ना!

समिधानं खुर्ची वळवली आणि पाहुण्यांच्या चपलांवरून चालवत बाहेर नेली.

*

नऊ दिवस तिनं उत्तर दिलं नाही. फोन वाजला, मेसेज आले. बटणं तिनं पहिल्याच संध्याकाळी जागेवर आणली, एकटीनं, दोन तास खपून.

“ताई, काहून बोलून नाही राहिल्या?” शकुनं विचारलं. “तो पोरगा गेटापाशी येते अन् परत जाते. डाकियाला वाटलं, चोर हाये.”

दहाव्या दिवशी तिनं त्याला आत घेतलं. तो उभाच राहिला. आणि आल्या आल्या बोलत सुटला: चांगल्यासाठीच केलं, तुझा वेळ वाचावा म्हणून केलं, आईला धीर नाही, तुला ठाऊक नाही ती कशी आहे, वाक्यं काही वाईट होती का, सगळी प्रेमानंच...

“थांबा, मी लिहितेय,” बाई म्हणाली.

तीन महिन्यांत पहिल्यांदा त्याला ते ऐकावं लागलं. तो खाली बसला.

पंखा फिरत राहिला. बाहेर भाजीवाला येऊन गेला. बऱ्याच वेळानं टॅब बोलला.

“तुला माझी लाज वाटली.”

“नाही! छे, लाज काहून...” तो थांबला. मग हळू म्हणाला, “वाटली. म्हणजे... डोळ्यासमोर आलं, तू लिहिते आहेस, बायका एकमेकींकडे बघून राहिल्या. पाच मिनिटं. ती पाच मिनिटं मला सहन नाही झाली, समिधा. दुकानात झाली असती. आईसमोर नाही.”

कुणी एवढं खरं तोंडावर बोललं की राग कुठे ठेवावा ते कळत नाही. समिधाच्या डोळ्यांत पाणी आलं. ते पुसायला त्याचा हात पुढे झाला आणि अर्ध्यात थांबला.

“पुसू?”

डोळे वर. त्यानं पुसले.

मग तिनं लिहिलं. “ते वाक्य तुझं होतं. आईला जाऊन सांग. सगळ्यांसमोर.”

“तिनं नागपूरपर्यंत कळवलंय गं. तू तिला आई म्हणालीस म्हणून. फार लागेल तिला.”

“मला लागलं त्याचं काय?”

तो उठला. दारापर्यंत गेला, वळला. “सांगितल्यावर येऊ?”

“आधी सांग.”

*

रविवारी सकाळी बेल वाजली. दारात बेबीताई, मागे विपुल. बेबीताईंचं तोंड फुगलेलं होतं. आत आल्या, बसल्या, पदर खोचला.

“यानं सांगितलं मला. भिशीच्या बायकांसमोर सांगितलं, मूर्खानं. तोंड दाखवायला जागा नाही ठेवली.” मग आवाज जरा खाली आला. “मी इतके दिवस सगळ्यांना सांगत फिरली, पोरगी मला आई म्हणाली... चलो, जाऊ दे. आता तू सांग. त्या दिवशी तुला काय म्हणायचं होतं? मी बसली आहे.”

समिधा लिहू लागली.

एक मिनिट गेलं. बेबीताई चुळबुळल्या. “वेगळं राहायचं, असंच ना?”

“आई,” विपुल म्हणाला. एवढंच.

“बरं बाबा, बरं.”

मग करायला दुसरं काही नव्हतं, म्हणून बेबीताईंनी घर पाहिलं. कंबरेच्या उंचीवरची विजेची बटणं. दार ओढायला बांधलेली दोरी. खाली बसवलेला ओटा. त्यावर खिळे ठोकलेला पाट. खिळ्यांत बटाटा रुतवायचा, म्हणजे एका हातानं चिरता येतो. तो पाट त्यांनी उचलून पाहिला. “हे कोणाचं डोकं?”

“ताईचंच,” शकु म्हणाली. “म्या फक्त सुतार आणला.”

बेबीताई पाट हातात घेऊन उभ्या राहिल्या. आयुष्यभर त्यांनी स्वतः घर चालवलं होतं; चालवलेलं घर त्यांना ओळखू येत होतं.

“काकू,” टॅब बोलला. ‘काकू’ ऐकून त्यांनी मान वळवली. “मला तुमचा मुलगा आवडतो. खूप आवडतो. पण तुमच्या घरी मी येणार नाही. मला माझं घर आहे. तुमची हरकत नसेल तर त्याला इकडे पाठवा.”

बेबीताईंनी पाट खाली ठेवला.

“इकडे पाठवा?” बेबीताई म्हणाल्या. “म्हणजे माझा पोरगा घरजावई?”

पेर चाललं. कुणी मधे बोललं नाही. शकुसुद्धा.

“घर भाड्याचं आहे. भाडेजावई म्हणा.”

बेबीताईंनी हसू दाबायचा प्रयत्न केला. नाकातून निसटलंच. “बाई गं! तुला हे ध्यान झेपणार आहे? याला काही येत नाही हां. चहा ठेवला तर उतू घालतो.”

“शिकेल.”

“आणि माझ्याकडे येणार की नाही कधी?”

“दर रविवारी. जेवायला. मी सांगेन ते कराल का?”

“करीन. तू फक्त वेळेवर सांगायला लाग, म्हणजे रविवारचं मंगळवारपासून!” असं म्हणाल्या आणि आपण काय बोललो ते कळून स्वतःच जीभ चावली. पण समिधा तिच्या त्या मोठ्या, आवाजी, सगळं अंग हलवणाऱ्या हसण्यानं हसत होती, आणि आता बेबीताईंना त्या आवाजातला आनंद आणि ओरडणं यांतला फरक कळत होता.

मग समिधानं विपुलकडे पाहिलं. “तुझं काय?”

विपुलनं तोंड उघडलं. मिटलं. नागपूर, काटोल, पाटण, सगळे रस्ते त्याच्या जिभेवरून उतरून गेले होते. कान लाल झाले होते. शकु वैतागून पुढे झाली, “बोला ना भैया, हो म्हणा...” समिधानं हात उचलून तिला थांबवलं. तिला घाई नव्हती. त्याचं उत्तर तिला ठाऊक होतं, आणि ते तिनं त्याला सुचवलं नाही.



“मी...” तो म्हणाला. पुन्हा अडला. दोन्ही हातांनी तोंड पुसलं. मग एकदम, “सामान काय काय आणू?”

बेबीताईंनी डोळ्यांना पदर लावला. “चल गं शकु, चहा ठेवू. इथं आपलं काही काम नाही.”

दोघी ओट्याशी गेल्या. समिधा लिहीत होती. विपुल खाली, तिच्या पायांशी बसला होता. स्क्रीनकडे नाही, तिच्या चेहऱ्याकडे बघत. बाईचा आवाज खणखणीत उमटला.

“उशी. माझ्याकडे एकच आहे.”

ओट्यापाशी कपबशी खणकन आपटली.